ग्राहक घरी नव्हते

पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, गाण्याचं परीक्षण तर गवई तंबोरे जुळवत असतानाच काहींच्या मनात तयार असतं. पण घरपोच येणाऱ्या किराण्याचं परीक्षण कुणी साक्षेपाने केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक माणूस वर्षातून नाटकं किती बघतो आणि तूरडाळ किती वेळा खातो? तेव्हा ही उणीव मीच भरून काढायचं ठरवलं आहे. माझा अधिकार विचाराल, तर मी बी. कॉम. आहे, दुसऱ्या वर्गात का होईना. आणि गेली बावीस वर्षं लोणंदच्या एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. काउंटरच्या बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मात्र मला २०२४ च्या नाताळात कळलं.

लोणंद म्हटलं की लोकांना कांदा आठवतो, नाही तर रेल्वे स्टेशन. आणि आषाढी जवळ आली की माउलींची पालखी. नीरेत पादुकांचं स्नान होतं, पालखी नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि आमच्या गावी मुक्काम करते. नाताळशी आमचा संबंध पूर्वी बँकेच्या सुट्टीपुरता होता. पण कन्या इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून डिसेंबरात घरात कापसाची दाढी, लाल टोपी आणि 'बाबा, केक कधी आणणार?' हा प्रश्न सुरू होतो.

त्या वर्षी तर पंचांगाने आणि कॅलेंडरने संगनमतच केलं होतं. २५ डिसेंबरला, बुधवारी, नाताळ. दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला चौथा, म्हणजे शेवटचा गुरुवार. महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन. आणि त्याच दिवशी सफला एकादशी! आमच्या आळीत यावर परिसंवाद झडले. एकादशीला उद्यापन चालतं का? सवाष्णींना काय वाढायचं? शेवटी आईने निकाल दिला : पुरणाचा नैवेद्य देवीला, सवाष्णींना फळं आणि दूध, आणि घरच्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सुप्रीम कोर्टाच्या निकालावर फेरविचाराचा अर्ज तरी करता येतो. आईच्या निकालावर तीही सोय नाही.

यादी झाली : भगर, साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचं पीठ, गूळ. पाचवा पदार्थ झाल्यावर कन्येने हळूच सहावा घातला – प्लम केक. आळीच्या तोंडाशी, दोनशे पावलांवर अण्णांचं किराणा दुकान आहे. माझे वडील तिथूनच माल आणत. पण कन्येने मोबाइल पुढे केला. नाताळनिमित्त सवलत होती. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. त्र्याऐंशी रुपये वाचत होते. त्र्याऐंशी रुपयांसाठी बी. कॉम. माणूस काय करणार नाही, ते सांगता येत नाही. १९ तारखेला, तिसऱ्या गुरुवारी, मी ते बटण दाबलं.

परीक्षकाने आधी गुण सांगावेत. या दुकानाचा पहिला गुण म्हणजे इथे कुणी चौकशी करत नाही. अण्णांकडे दोन किलो साखर जास्त मागितली तर "कोण पावणं आलं?" असं ते विचारणार. एखाद्याने बऱ्याच दिवसांत तेल नेलं नाही, तर त्याच्या घरी काय चाललंय हे दुकानातल्या फळीवर बसलेल्या चौघांना समजणार. उधारी मागताना होणारी मान खाली इथे होत नाही, कारण मान बघायलाच कुणी नसतं. शिवाय अण्णा काही संत नव्हेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला खवट शेंगदाणे दिले होते आणि वर "हवाच खराब हाय" असं म्हणून खापर निसर्गावर फोडलं होतं.

दुसरा गुण या कल्पनेच्या जन्मात आहे. १९८४ साली इंग्लंडात गेट्सहेड नावाच्या गावी जेन स्नोबॉल या बहात्तर वर्षांच्या बाईंनी घरच्या टीव्हीसमोर बसून, हातातल्या रिमोटची बटणं दाबून, टेस्कोच्या दुकानातून मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. मागणी टेलिफोनच्या तारेवरून दुकानात गेली आणि माल घरी आला. घरी बसून यंत्रावर किराणा मागवण्याची ती सुरुवात मानतात. बाईंचं आडनाव बर्फाचा गोळा, म्हणजे नाताळच्या लेखाला अगदी साजेसं! पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ती योजना ज्यांना दुकानापर्यंत जाणं होत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी होती. माझी आईही बहात्तरचीच, गुडघ्यांनी अधू. तिच्यासाठी मागवलं असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे आईसाठी दोनशे पावलं चालणारा चाळिशीतला मुलगा घरात होता. तो त्या वेळी कोचावर पडून सवलती वाचत होता.

हा धंदा सोपा नाही, हेही नमूद केलं पाहिजे. अमेरिकेत १९९६ साली वेबव्हॅन नावाची कंपनी असाच किराणा घरोघर पोचवायला निघाली. गोदामं, गाड्या यांवर अफाट पैसा ओतला आणि २००१ च्या जुलैत दिवाळं काढून मोकळी झाली. आपल्याकडे बिगबास्केट निघाली २०११ साली, बंगळूरला. आणि पुढच्या दहा वर्षांत मोठ्या शहरांत दहा मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देण्याची चढाओढ लागली. पुण्याला माझ्या भाच्याकडे फोडणी तडतडायला लागल्यावर मोहरी मागवतात. लोणंदला ते दहा मिनिटांचं सुख अजून आलेलं नाही. आमचा किराणा पार्सलाने येतो, चार दिवसांनी. त्यांनी वायदा केला होता २३ तारखेचा.

२३ ला मोबाइल म्हणाला, 'आपली ऑर्डर मार्गावर आहे.' वारीही मार्गावरच असते, पण ती आज कुठे आणि उद्या कुठे हे शेंबडं पोरही सांगतं. २४ ला ती 'आपल्या जवळच्या केंद्रात' होती. त्या दिवशी बँकेत तोबा गर्दी. मी एका डोळ्याने व्हाउचर बघत होतो आणि दुसऱ्याने टेबलाखालच्या मोबाइलवर भगर. तशातच अंदोरीच्या एक आज्जी पासबुक भरायला आल्या होत्या. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पासबुक छापणारं यंत्र बंद होतं. मी मान वर न करता म्हटलं, "मशीन बंद आहे, आज्जी. उद्या या." त्या गेल्या. मी पुन्हा केंद्राकडे वळलो.

२५ ला बँक बंद. सगळं घर घरात. आई ओट्यावर उन्हात बसून वाती वळत होती, कन्या कापसाची दाढी लावून दारातच आतबाहेर करत होती, मी वर्तमानपत्र घेऊन पायरीवर. दुपारी अडीचला मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला नाही. अनोळखी नंबर उचलू नका, हे मी बँकेत दिवसातून दहा जणांना सांगतो; स्वतः नको पाळायला? पाच मिनिटांनी संदेश आला, 'ग्राहक घरी नव्हते. पार्सल पोहोचवता आले नाही.'

मी स्वतःकडे पाहिलं. होतो की! आईला विचारलं, "मी घरी आहे ना?" आई म्हणाली, "सकाळपासून पायात येतोयस, ते दिसत नाही का?" हा लेखी पुरावा नसल्यामुळे कंपनीने मानला नसता. तक्रार करायला गेलो. तिथे माणूस नव्हता, यंत्र होतं. ते म्हणालं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' मी लिहिलं, 'उद्या उद्यापन आहे.' ते म्हणालं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' मी चिडून लिहिलं, 'तुम्हाला भगर म्हणजे काय ते माहीत आहे का?' ते म्हणालं, 'आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?' कन्या म्हणाली, "बाबा, नाताळ आहे, एक तरी तारा द्या." सांताक्लॉज तरी काय, घरपोच सेवाच. वर्षातून एकदा येतो, रात्री येतो, दार वाजवत नाही आणि मागितलेलं आणीलच याची हमी नाही. पण 'ग्राहक घरी नव्हते' असं लिहून तो परत जात नाही.

गुरुवारी सकाळी आठला, बाजारच्या गाड्या गावात शिरत असताना, मी पिशवी घेऊन अण्णांच्या दुकानात गेलो. दोन-तीन महिन्यांत तिथून मी काड्यापेटीपलीकडे काही नेलं नव्हतं.

"अण्णा, अर्धा किलो भगर द्या."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं आणि गल्ल्यामागून एक खोकं काढून पुढे ठेवलं. "हे आधी घ्या. तुमचंच हाय."

खोक्यावर माझं नाव होतं. खाली पिन कोड, ४१५५२१. या पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने. पंडिताचे सहा आकडे पार्सलाला लोणंदपर्यंत अचूक आणतात. पुढचं काम मात्र 'जवळची खूण' या रकान्याचं. त्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : अण्णांच्या किराणा दुकानामागे.

"पोरगं काल दुपारी येऊन गेलं म्हणं," अण्णा सांगत होते. "मी जेवून आडवा झालो हुतो, दुकान बंद. इचारायला कुणी न्हाई, तुमी फोन उचलला न्हाई, गेलं माघारी. आज साडेसातलाच हजर. फलटणहून गाडीवर आलेलं, हात गारठलेले. म्हणलं, राहू दे हितंच, मी देतो. च्या पाजला त्याला."

म्हणजे आभाळातल्या उपग्रहांना, बंगळूरच्या यंत्रांना आणि पुण्याच्या गोदामाला माझं घर सापडलं नव्हतं, ते अण्णांच्या वामकुक्षीमुळे! ज्यांचं गिऱ्हाईक मी पळवलं होतं त्यांच्याच दारावरून तो सगळा कारभार चालला होता. पळवलेलं गिऱ्हाईकही मीच, हे आणखी वाईट.

खोकं तिथेच उघडलं. केक सपाट होऊन सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळला होता. भगर नव्हतीच, तिच्या जागी ओट्स आणि वर चिठ्ठी, 'आपण मागितलेली वस्तू उपलब्ध नसल्याने समकक्ष वस्तू पाठवत आहोत.' अण्णांनी ओट्सचा पुडा उलटसुलट करून पाहिला. "ह्ये घोडं खातंय नव्हं?" एवढंच विचारलं. अंड्याच्या केकाशेजारी चार दिवस मांडीला मांडी लावून आलेला साबुदाणा आई एकादशीला घरात घेणं शक्य नव्हतं. अण्णांनी न सांगता तोही तोलला. शेंगदाणे देताना चार दाणे आधी स्वतः तोंडात टाकून पाहिले. मागच्या पावसाळ्याचं ते विसरले नव्हते.

मी पैसे काढले तर सुट्टे नव्हते. "लिहून ठेवतो," म्हणत त्यांनी वही उघडली. पानाच्या वर वडिलांचं नाव. वडील जाऊन सहा वर्षं झाली. बँकेत हे खातं मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि तीन सह्यांशिवाय हललं नसतं. अण्णांकडे ते आपलं आपण चालू होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारात, माझी बदली बाहेरगावी असताना, त्यांच्या पथ्याचं सामान याच पानावर लिहून घरी जात होतं. तेही घरपोचच होतं. मला ते आता आठवलं.

दहाला बँक उघडली. पहिल्याच रांगेत अंदोरीच्या आज्जी.

"काल आले हुते, साहेब. तुमी म्हणला उद्या या. कुलूप हुतं."

मी २४ ला 'उद्या या' म्हटलं होतं. उद्या नाताळची सुट्टी होती, हे सांगण्याइतकी मान मी वर केली नव्हती. म्हातारी एस.टी.ने आली, कुलपाला बघून एस.टी.ने परत गेली. तिच्याकडे तारे द्यायची सोय असती, तर तिने लिहिलं असतं : बँक घरी नव्हती. आणि मी सवयीने काय उत्तर दिलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

यंत्र अजून बंदच होतं. मी उठलो, आज्जींना खुर्ची दिली, खातं उघडून जमा झालेली रक्कम मोठ्याने वाचून दाखवली आणि पासबुकात हाताने नोंद करून सही केली. तीन मिनिटं लागली. मागच्या रांगेतून दोघे ओरडले. साहेबांनी केबिनमधून डोकावून पाहिलं.

तेव्हा परीक्षणाचा निष्कर्ष : माल बरा, भाव स्वस्त, बांधणी सुमार. पण चुका अण्णांच्याही होतात आणि माझ्याही. फरक इतकाच, की अण्णांची चूक झाली तर तिला एक तोंड असतं. त्याच्याकडे बघून भांडता येतं आणि पुढच्या खेपेला तेच तोंड चार दाणे चावून बघतं. त्या दुकानाला तोंडच नाही. आणि तोंड असून मान वर न करणारा माझ्यासारखा दुकानदार त्याहून वाईट.

तारे मी शेवटी दिले. तीन. ते तिन्ही फलटणहून गारठत आलेल्या त्या पोराचे.

ओट्सचा पुडा अजून घरात आहे. समकक्ष घोडा मिळाला की देऊन टाकीन.