वेळींच उतरण्याची विद्या

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी या फ्रेंच वैमानिक-लेखकाचें ‘तेर दे झोम’ हें पुस्तक १९३९ सालीं प्रसिद्ध झालें व त्याच वर्षीं फ्रेंच अकादमीचें कादंबरीचें पारितोषिक त्यास मिळालें. वस्तुतः ती कादंबरी नव्हेच. पुस्तकाची वाखाणणी होते ती मुख्यतः लिबियाच्या वाळवंटांतील अपघातासाठीं. तहानेनें व्याकूळ झालेले दोघे पुरुष, मृगजळ, आणि अखेर देवासारखा भेटलेला बेदुईन, अशा सामग्रीनें कोणाचें मन वेधलें जाणार नाहीं? आमच्या मतें मात्र ग्रंथाचें खरें वैभव पहिल्या प्रकरणांतील एका नकाशांत आहे.

साल १९२६. तुलूझहून स्पेनवरून टपाल नेण्याची पहिली पाळी नवशिक्या लेखकावर आली आहे. आदल्या रात्रीं तो आंरी गियोमे या अनुभवी सोबत्याकडे जातो. गियोमे त्यास शहरें वा लोकसंख्या सांगत नाहीं. ग्वादिक्सजवळ शेताच्या कडेस तीन संत्र्याचीं झाडें आहेत, तीं सांभाळ; लोर्काजवळ अमुक शेतकरी व त्याची बायको राहतात; मोत्रिलच्या पश्चिमेस गवतांत एक ओहोळ दडला आहे; अमक्या उतारावर तीस मेंढरें आहेत. असा हा भूगोल!

येथें थोडा खुलासा अवश्य आहे. इंजिन बंद पडल्यावर विमान उतरतें तें नाइलाजानें. निवडीस वाव थोडा, संधि एकच. परंतु ढग खालीं येऊं लागले, इंधन सरत आलें, किंवा इंजिनाचा आवाज बदलला, तर तें चालू असतांनाच एखादें शेत निवडून उतरणें ही गोष्ट निराळी. वैमानिक धुरावरून वारा ताडतो. शेतावरून सखल फेरी मारून चर, कुंपण, तारा, गुरें न्याहाळतो. न पटल्यास पुन्हां वर जातो. पटल्यास वाऱ्यास सामोरा होऊन, शक्यतों नांगराच्या तासांच्या रोखानें, चाकें टेकवितो. यांत शौर्यापेक्षां मानहानि सोसण्याची तयारी अधिक लागते. टपाल रखडतें, सोबती थट्टा करतात, आणि आपली शंका रास्त होती याचा पुरावाहि हातीं राहत नाहीं. कारण अपघात झालेलाच नसतो. तीस मेंढरांना लेखकानें लढवय्यांचें रूप दिलें आहे तें कित्येकांस पोरकट वाटेल. आम्हांस तें अचूक वाटतें. उतरणाऱ्याच्या डोळ्यांना मेंढरूं तेवढेंच मोठें दिसत असलें पाहिजे.

आमची तक्रार पुढील भागाविषयीं आहे. पॅरिस-सायगॉन उड्डाणाच्या बक्षिसाची मुदत १९३५ अखेर संपत होती. ३० डिसेंबरच्या पहाटे, ढगांखालीं उतरून नाईलचे दिवे शोधतांना, सेंत-एक्झुपेरी व त्याचा यंत्रज्ञ प्रेव्हो यांचें विमान पठारावर आदळलें. त्या अंधारांत निवडण्यास शेत नव्हतें, हें खरें. पण बक्षिसाच्या घाईनें माणूस कोठवर रेटला जातो याची चिकित्सा तहानेच्या वर्णनापुढें अगदीं फिकी पडली आहे. गियोमेचा शिष्य येथें दिसत नाहीं, वक्ता दिसतो.

उलट अर्जेंटिनांतील कॉन्कोर्डियाचें प्रकरण पाहावें. तो एका शेतांत उतरला, एवढेंच सांगून लेखणी एका जुनाट घरांत, दोन विलक्षण मुलींकडे व जेवणाच्या मेजाखालच्या सापांकडे वळते. प्रकरण सुंदर आहे. तरी तें शेत कसें होतें, वारा कोणीकडचा होता, हें गियोमेनें प्रथम विचारलें असतें.

लुईस गॅलांतिएर यांचें इंग्रजी भाषांतर वाचण्यास हरकत नाहीं. मात्र त्यांत मूळ फ्रेंचांत नसलेला मजकूर आहे, हें ध्यानांत ठेवावें.