गोल्फविषयक मार्गदर्शनपर ग्रंथांची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळ शिकविणाऱ्या ग्रंथांमध्ये गोल्फवरील ग्रंथांची संख्या लक्षणीय आहे. याचे कारण या खेळाच्या स्वरूपातच आढळते. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी फटक्यात अडथळा आणत नाही आणि फटका मारण्यापूर्वी खेळाडूला विचारासाठी पुरेसा अवकाश मिळतो. त्यामुळे चुकलेल्या फटक्याचे कारण खेळाडू स्वतःमध्येच शोधतो व उपायासाठी ग्रंथाकडे वळतो. मात्र ग्रंथाची निवड बहुधा लेखकाच्या विजेतेपदांवरून केली जाते. सूचना पाळूनही खेळ सुधारला नाही, तर वाचक आपल्या क्षमतेला दोष देतो. हा ग्रंथ आपल्यासाठी लिहिला होता काय, असा प्रश्न तो विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवून काही मान्यवर ग्रंथांच्या आधारे निवडीचे निकष तपासले आहेत.

१. लेखकाचा दोष आणि वाचकाचा दोष

बेन होगन यांचा ‘फाइव्ह लेसन्स’ हा १९५७ मधील ग्रंथ या प्रकारातील सर्वाधिक प्रभावी ग्रंथांपैकी एक मानला जातो. हा मजकूर प्रथम ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये पाच भागांत प्रसिद्ध झाला. त्याचे शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड यांचे असून रेखाटने अँथनी राविएली यांची आहेत. नऊ प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूचा अनुभव, निबंधकाराची शिस्तबद्ध मांडणी आणि स्नायूंचा ताणसुद्धा दाखविणारी चित्रे यांच्या संयोगातून ग्रंथाला जवळजवळ शास्त्रग्रंथाचा अधिकार प्राप्त झाला. सर्वसामान्य खेळाडूसही ८० फटक्यांच्या आत फेरी पूर्ण करता येईल, अशी ग्वाही त्यात दिली आहे.

तथापि या ग्रंथामागील चरित्र विसरून चालत नाही. कारकिर्दीच्या पूर्वार्धात होगन ‘हुक’ने त्रस्त होते, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे अतिरिक्त वळावा, हा त्यांचा दोष होता. त्यांनी शिफारस केलेली हातांची पकड ही चेंडू डावीकडे वळण्याची प्रवृत्ती रोखणारी आहे. याउलट बहुसंख्य हौशी खेळाडूंचा दोष ‘स्लाइस’ हा, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याचा असतो. अशा वाचकाने ती पकड जशीच्या तशी स्वीकारली, तर त्याचा दोष वाढण्याचाच संभव अधिक. येथे औषध खोटे नाही. ते दुसऱ्या रोग्यासाठी लिहिलेले आहे. ग्रंथाने मात्र व्यक्तिगत उपचाराला सार्वत्रिक मूलतत्त्वाचे रूप दिले आणि हीच त्याची मर्यादा होय.

यातून आणखी एक मुद्दा निष्पन्न होतो. स्विंगचे घटक परस्परावलंबी असतात. होगन यांची पकड त्यांच्या कमरेच्या वेगवान वळणाशी सुसंगत होती. एका ग्रंथातून पकड, दुसऱ्यातून पवित्रा आणि तिसऱ्यातून मनगटाची हालचाल उचलणाऱ्या वाचकाच्या हाती सुसंगत पद्धती न येता परस्परविरोधी सूचनांचे गाठोडे येते.

२. अवयवांची भाषा आणि प्रतिमांची भाषा

हार्वी पेनिक यांचे ‘लिटल रेड बुक’ (१९९२) या संदर्भात वेगळ्या परंपरेचे प्रतिनिधित्व करते. टेक्सासमधील ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये दीर्घकाळ शिकविताना पेनिक लाल वहीत टिपणे ठेवीत. बड श्रेक यांच्या साहाय्याने त्यांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. यात क्रमबद्ध सिद्धांत नाही. छोटे प्रसंग, शिष्यांच्या अडचणी आणि साधे उपाय आहेत. स्विंग समजावताना ते पाण्याने भरलेली बादली झुलविण्याची किंवा उभ्याने तण कापण्याच्या अवजाराची कृती सुचवितात. पर्सी बूमर यांनीही ‘ऑन लर्निंग गोल्फ’मध्ये पिंपात उभे राहून वळण्याची प्रतिमा योजिली होती. दोघेही प्रामुख्याने शिक्षक होते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. स्वतःच्या शरीराचा अनुभव सांगणाऱ्या विजेत्यापेक्षा शेकडो वेगवेगळी शरीरे पाहिलेल्या शिक्षकाची भाषा भिन्न असते.

हा केवळ शैलीचा भेद नव्हे. गॅब्रिएल वुल्फ व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील प्रयोगात नवशिक्या व्यक्तींना गोल्फचे छोटे फटके शिकविण्यात आले. ज्यांना क्लबच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले, त्यांची अचूकता स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली. या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहता प्रत्येक सांध्याचे स्थान सांगणारा ग्रंथ अभ्यासकाला उपयुक्त असला, तरी मैदानावरील नवशिक्याला तो भारभूत होऊ शकतो. ‘अमुक आहे हे जाणणे’ व ‘अमुक करता येणे’ यांतील जो भेद गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये विशद केला, त्याचा प्रत्यय येथे येतो.

अर्थात पेनिक यांच्या पद्धतीसही मर्यादा आहे. त्यांचा सल्ला मूळात समोर उभ्या असलेल्या शिष्यासाठी होता. शिक्षक नसताना आपल्याला कोणता उपाय लागू पडतो, याचा निर्णय वाचकालाच करावा लागतो.

३. पुराव्याचा प्रश्न

अनेक जुन्या ग्रंथांत चेंडूची आरंभीची दिशा क्लबच्या मार्गावरून ठरते, असे सांगितलेले आढळते. रडारवर आधारित मोजमाप-यंत्रे प्रचारात आल्यानंतर ही दिशा प्रामुख्याने आघाताच्या क्षणी क्लबचे मुख कोठे आहे यावर अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. मुख व मार्ग यांतील अंतरामुळे चेंडू वळतो. परिणामी जुन्या स्पष्टीकरणावर विसंबून स्वतःचा दोष ओळखणारा वाचक निदानातच चुकतो. जुना ग्रंथ त्याज्य ठरत नाही. मात्र त्यातील अनुभव आणि त्यातील भौतिकशास्त्र यांची किंमत स्वतंत्रपणे करावी लागते.

सरावाच्या अग्रक्रमाबाबतही असेच मतांतर आहे. पूर्वी नासामध्ये संशोधक असलेले डेव्ह पेल्झ यांनी ‘शॉर्ट गेम बायबल’मध्ये (१९९९) जवळच्या फटक्यांचे महत्त्व आग्रहाने मांडले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांच्या ‘एव्हरी शॉट काउंट्स’ (२०१४) या ग्रंथाने वेगळे चित्र दाखविले. २००४ ते २०१२ या काळातील पीजीए टूरवरील अव्वल ४० खेळाडूंच्या आघाडीत ड्रायव्हिंगचा वाटा २८ टक्के, ग्रीनकडील लांब फटक्यांचा ४० टक्के, जवळच्या फटक्यांचा १७ टक्के आणि पटिंगचा १५ टक्के असल्याचे त्यांनी आकडेवारीने मांडले. तथापि ही सरासरी आहे. ज्याचे फटके बंकरमध्येच वाया जातात, त्याला पेल्झ यांचाच ग्रंथ अधिक उपकारक ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ग्रंथनिवडीचा आरंभ ग्रंथापासून न करता वाचकाच्या खेळापासून करावयास हवा. काही फेऱ्यांत फटके कोठे वाया गेले व चेंडू कोणत्या बाजूस वळला, याची नोंद हे पहिले पाऊल होय. त्यानंतर ग्रंथाला चार प्रश्न विचारावेत : लेखकाने कोणत्या दोषावर मात केली होती? तो स्वतःविषयी लिहितो की शिष्यांविषयी? त्याच्या सूचना मैदानावर अमलात आणता येतील इतक्या साध्या आहेत काय? आणि त्याची विधाने मोजमापाच्या कसोटीला उतरतात काय? एका वेळी एकच पद्धती अनुसरणे, हे या निकषांना जोडलेले पथ्य आहे.

महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी पुस्तके सुचविणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनाही हे निकष उपयोगी पडावेत. कपाटात केवळ विजेत्यांचे ग्रंथ असतील, तर अपयशी वाचक आपल्या अपयशाचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधत राहील. होगन यांच्याशेजारी पेनिक, पेल्झ यांच्याशेजारी ब्रोडी ठेवल्यास आपल्या दोषाशी जुळणारा ग्रंथ निवडण्याची संधी त्याला मिळेल.