पाणी, माती आणि पडदा : तान दुन यांच्या वाद्यविचारातील भाषांतराचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य अभिजात संगीतातील अपारंपरिक वाद्यांची नवलाई ओसरली होती. पियानोच्या तारांत स्क्रू-बोल्ट अडकवून जॉन केज यांनी १९४० च्या सुमारासच त्या वाद्याचे तालवाद्यात रूपांतर केले होते. त्यामुळे चिनी-अमेरिकी संगीतकार तान दुन (जन्म १९५७) यांच्याकडे केवळ प्रयोगशीलतेच्या अंगाने पाहणे अपुरे ठरते. पाणी, माती, दगड, कागद ही त्यांची वाद्ये मौखिक आणि विधिपर परंपरेचे लिखित स्वरसंहितेत भाषांतर करू पाहतात. भाषांतरात काय टिकते आणि काय निसटते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा प्रश्न म्हणूनच येथेही उपस्थित होतो.

तान दुन यांचे बालपण हुनान प्रांतात गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भातशेतीवर पाठवले गेले असताना त्यांनी तेथील लोकगीते गोळा केली; पुढे ते ऑपेरा मंडळीत वादक झाले. बीजिंगच्या केंद्रीय संगीत विद्यालयात त्यांचा प्रवेश १९७८ चा, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आगमन १९८६ चे. औपचारिक शिक्षणाआधीच त्यांचा कान श्रम आणि विधी यांच्या सान्निध्यात घडला होता.

‘नाइन साँग्ज’ (१९८९) या रचनेला प्राचीन चू राज्यातील कवी छू युआन यांच्या नावे असलेल्या काव्याचा आधार आहे. ही गीते देवतांच्या आवाहनाशी निगडित. शब्द उरले, संगीत मात्र लुप्त झाले. तान दुन यांनी त्यासाठी एका कुंभार-कलावंताच्या साहाय्याने सुमारे ५० मृत्तिकावाद्ये घडवली. या वाद्यांना पूर्वपरंपरा नाही. चिनी किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ओळखीच्या ध्वनीत ती मुरलेली नाहीत. मूळ संहिताच हरवलेली असताना अस्सलतेचा आव न आणता ती उणीव ऐकू येऊ देणे, हे या रचनेचे बलस्थान होय.

‘वॉटर कन्सर्टो’ (१९९८) ही जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सु यांच्या स्मरणार्थ लिहिलेली रचना १९९९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने प्रथम सादर केली. भारतीय श्रोत्याला येथे जलतरंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु भेद मूलभूत आहे. जलतरंगात पाणी स्वर निश्चित करते आणि नाद पात्राचा उमटतो. तान दुन यांच्याकडे पाण्याचा पृष्ठभागच वाजवला जातो, ते ओतले जाते, ठिबकते. झांज पाण्यात बुडवली की तिचा स्वर घसरतो. ठिबकण्याचा ध्वनी दोनदा तंतोतंत सारखा येत नाही. तथापि एकल वादक विरुद्ध वाद्यवृंद ही कन्सर्टोची चौकट अबाधित राहते. पाणी त्या घरात मानाचा पाहुणा ठरते. घराची रचना ते बदलत नाही. पारदर्शक पात्रांतील प्रकाशमान पाणी कानाआधी डोळ्याला वेधते, तेव्हा स्मृतीचे प्रदर्शन होण्याचा धोका उघड होतो.

हा धोका ‘द मॅप’ (२००३) मध्ये रचनेचाच विषय बनतो. बोस्टन सिम्फनीसाठी लिहिलेल्या या चेलो-कन्सर्टोत तुजिया, मिआओ आणि तुंग समाजांतील वादक-गायक चित्रफितीद्वारे सहभागी होतात. १९८१ मध्ये भेटलेल्या एका दगडवादकाकडे शिकण्यासाठी तान दुन पुढे परतले, तेव्हा तो हयात नव्हता व त्याची कला त्याच्यासह गेली होती. रचनेची प्रेरणा तीच. येथे ग्रामीण ध्वनी वाद्यवृंदाच्या सुरावटीत विरघळवलेला नाही. चित्रफितीचा वेग बदलणारा नसल्यामुळे निर्वाहकालाच तिच्यामागे जावे लागते, आणि कन्सर्टोतील अधिकाराची उतरंड काही काळ उलटते.

मात्र मिआओ गायिकेच्या सादाला चेलो प्रतिसाद देतो, त्या प्रसंगी या पद्धतीची मर्यादाही दिसते. डोंगरापलीकडून उत्तर यावे यासाठीच ते गाणे असते. सभागृहात उत्तर येते, पण ते गायिकेपर्यंत पोहोचत नाही. रचना नोव्हेंबर २००३ मध्ये हुनानमधील फंगह्वांग येथे नेऊन सादर केली गेली, ही घटना त्या अपुऱ्या संवादाची जाणीव दर्शविते. ती संवाद पूर्ण करीत नाही.

तान दुन यांच्या वाद्यांचे मूल्यमापन त्यांच्या विलक्षणतेवरून करता येणार नाही. लक्ष्यभाषेच्या व्याकरणाला बाधा न आणणारे भाषांतर सुबोध असले तरी निरुपद्रवी असते. तान दुन यांचे पाणी वाद्यवृंदाची शोभा वाढवते. त्यांची माती आणि त्यांचा पडदा मात्र वाद्यवृंदाला स्वतःच्या अपुरेपणाची दखल घ्यायला लावतात. त्यांच्या कारकिर्दीचा टिकाऊ भाग या दुसऱ्या प्रकारात सापडतो.