एमॅक्स, हॅस्केल आणि मराठी नामे

आज्ञावलीलेखनासाठी एडिटर सिद्ध करणे ही बाब बहुधा केवळ सोयीची मानली जाते. अक्षरांचे रंग, शब्दपूर्ती आणि चुकांच्या सूचना एवढे जुळले की काम संपले, असा समज या विषयावरील मार्गदर्शनपर लेखनात सामान्यतः आढळतो. परंतु लिहिणाऱ्याला आपल्या आज्ञावलीतील नामे मराठीत ठेवावयाची असतील, तर हा समज किती अपुरा आहे ते ध्यानात येते. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू एमॅक्स हा १९८५ पासूनचा एडिटर आणि १९९० साली जिचा पहिला अहवाल निघाला ती हॅस्केल ही फलनप्रधान भाषा, या जोडीच्या आधारे त्याचे परीक्षण करता येईल.

एमॅक्सची बाजू प्रथम पाहावी. देवनागरी टंकनाच्या इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धती त्यात अंगभूत आहेत. त्यांपैकी एक प्रारंभ-फाईलमध्ये नेमून दिली की एका कळजोडीने रोमन व देवनागरी यांत ये-जा करता येते. २०२० साली निघालेल्या २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरांची घडण हार्फबझ या अक्षरघटकाकडे सोपविता येते. एमॅक्सची स्वतःची भाषा जी लिस्प, तीत ‘सातारा’ हे फलनाचे नाव म्हणून निर्वेधपणे चालते.

हॅस्केलमध्ये मात्र चालत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील स्थलनामे घेऊन जी.एच.सी. या कंपायलरच्या २०२० सालच्या ८.१० आवृत्तीपुढे ठेवली, तर ‘फलटण’, ‘जत’ आणि ‘पलूस’ ही नामे ग्राह्य ठरतात. ‘सातारा’, ‘सांगली’, ‘मिरज’ आणि ‘वाई’ ही अग्राह्य. याचे कारण युनिकोडच्या वर्गीकरणात आहे. उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांची गणना जागा न व्यापणाऱ्या चिन्हांत होते. काना, वेलांटी, ओकार आणि विसर्ग यांची जागा व्यापणाऱ्या चिन्हांत. कंपायलर पहिला वर्ग नामात स्वीकारतो, दुसरा नाकारतो. हा भेद मुद्रणाचा आहे, भाषेचा नाही. ‘पलूस’मधील ऊ आणि ‘सातारा’मधील आ हे मराठीच्या वर्णव्यवस्थेत सारख्याच दर्जाचे स्वर आहेत. दोष युनिकोडचाही नव्हे. नामांविषयीच्या त्याच्या शिफारशीत दोन्ही वर्ग ग्राह्य आहेत, आणि ती शिफारस पाळणाऱ्या पायथॉन ३ मध्ये ‘सातारा’ चालते.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. हॅस्केलमध्ये प्रकारांची व रचकांची नावे मोठ्या अक्षराने सुरू व्हावी लागतात. देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही; म्हणून जी.एच.सी. तिची सर्व अक्षरे लहान धरतो. परिणामी मराठीत फलनाला नाव देता येते, प्रकाराला देता येत नाही. रोमन मोठे अक्षर आधी जोडणे एवढीच पळवाट उरते.

तिसरी अडचण समासाची. हॅस्केलमध्ये वाक्यांचा गट ओळीच्या स्तंभावरून ठरतो, आणि २०१० च्या अहवालानुसार प्रत्येक युनिकोड चिन्हाची रुंदी एक स्तंभ धरली जाते. ‘क्षेत्र’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. कंपायलर सात चिन्हे मोजतो. एमॅक्स दृश्य रुंदी मोजतो. त्यामुळे अशा नामाच्या उजवीकडे, त्याच ओळीत गट सुरू झाला, तर एडिटरने नीट जुळविलेली पुढची ओळ कंपायलरला गटाबाहेरची वाटते.

येथे मांडणीचे खरे कार्य दिसते. गट नेहमी नव्या ओळीवर सुरू करण्याचा नियम पाळल्यास स्तंभ केवळ आरंभीच्या मोकळ्या जागांवर ठरतो, आणि तिसरी अडचण नाहीशी होते. पहिलीसाठी हॅस्केलच्या रंगनियमांत एका नियमाची भर पुरेशी आहे: ा, ि, ी, ॉ, ो, ौ, ः ही सात चिन्हे ठळक रंगात दाखवावीत. टीपा आणि अवतरणांतील मजकूर आधीच रंगलेला असल्याने तेथे हा नियम लागू होत नाही, आणि अग्राह्य नाम कंपायलरकडे जाण्यापूर्वीच नजरेस येते.

तथापि मांडणी दोष दाखवू शकते, दूर करू शकत नाही. दुसऱ्या अडचणीवर एमॅक्सपाशी उपाय नाही, कारण ती भाषेच्या व्याख्येतच आहे. हा विवेक अध्यापनात महत्त्वाचा ठरतो. ‘सांगली’ हे नाम नाकारले गेलेले पाहून विद्यार्थी असा निष्कर्ष काढण्याचा संभव आहे, की मराठी या कामास अपात्र आहे. ‘पलूस’ स्वीकारले जाते, एवढे दाखविले तरी तो निष्कर्ष टिकत नाही. अपुरी आहे ती नियमाची रचना. आणि नियम मनुष्यकृत असल्याने तो बदलताही येतो.