कृत्रिम रक्तपट्टिका : नाव आणि काम

‘रक्तपट्टिका रक्त गोठण्यास मदत करतात’ हे एक वाक्य सांगून आपण वर्गात पुढच्या मुद्द्याकडे वळतो. प्रयोगशाळेत ‘कृत्रिम रक्तपट्टिका’ तयार झाल्याची बातमी वाचताना हेच वाक्य आपल्याला फसवते. काम एवढेच असेल तर चिकट कण बनवले की झाले, असे वाटू लागते.

गरज खरीच आहे. दात्याकडून घेतलेल्या रक्तपट्टिका २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारणपणे ५ दिवसांत वापराव्या लागतात. आडगावच्या दवाखान्याने हे कसे जमवायचे?

अमेरिकेत एरिन लाविक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या कामाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. शरीरात विरघळून जाणाऱ्या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण त्यांनी बनवले आणि त्यांवर आर्जिनिन, ग्लायसिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची साखळी बसवली. हा क्रम फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनातही आढळतो. जखमेपाशी सक्रिय झालेल्या रक्तपट्टिकेवरील ग्राही या साखळीला धरतो आणि कण गुठळीत सामील होतो. उंदरांच्या मांडीतील धमनीला केलेल्या जखमेचा रक्तस्राव त्यामुळे सुमारे निम्म्या वेळात थांबला.

काम सुरेख आहे. आमची हरकत नावाला आहे. जखम ओळखली कोणी? उंदराच्या स्वतःच्या रक्तपट्टिकांनी! त्यांचा हा ग्राही एरवी जणू मिटलेला असतो. उघड्या पडलेल्या कोलॅजेनसारख्या पदार्थांशी गाठ पडली की तो उघडतो. कृत्रिम कणाला हे कळत नाही, तो दुसऱ्याच्या शहाणपणावर चालतो. मग केमोथेरपीमुळे ज्याच्या रक्तात पट्टिका जेमतेम उरल्या आहेत, त्या रुग्णात तो कोणाला धरणार? अशा कणाला पर्याय म्हणण्यापेक्षा मदतनीस म्हणणे योग्य. क्लीव्हलंडच्या अनिर्बन सेनगुप्ता यांच्या गटाने पुढे कोलॅजेनला आणि व्हॉन विलेब्रँड घटकाला थेट धरणारे तुकडेही कणांवर बसवले. पर्याय या शब्दाच्या जवळ जाणारी वाट आम्हाला ही वाटते.

उलट बाजूचा धोकाही आहेच. जखम नसलेल्या ठिकाणी, म्हणजे फुप्फुसातील किंवा मेंदूतील बारीक वाहिनीत, असा कण चिकटला तर? रक्त किती लवकर थांबले हा आकडा बातमीत ठळक छापला जातो. ही तपासणी कशी केली, ते मात्र शोधावे लागते.

शिवाय खरी पट्टिका गुठळी झाल्यावर ती आवळून घट्ट करते आणि जखम भरून येण्यासाठी वाढीचे घटक सोडते. या दोन्ही गोष्टी लाविक यांच्या कणात नाहीत.