द कुन्हा यांचें वसईवर्णन आणि दगडावरील दफ्तर

डॉ. जे. गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. पापडीहून वसईच्या कोटाकडे जाणाऱ्या संशोधकानें तो आजही जवळ बाळगावा, असें आमचें मत आहे. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगिजांकडे गेली व १७३९ त चिमाजीअप्पांनीं ती जिंकली. या दोनशें वर्षांचा इतिहास, ख्रिस्तमंदिरें व थडग्यांवरील लेख यांची नोंद ग्रंथकारानें परिश्रमपूर्वक केली आहे.

तथापि वास्तु कशानें ढासळते, याची मीमांसा हा या ग्रंथाचा विषय नव्हे. १६१८ च्या तुफानानें वसईची मोठी हानि केली. पण तुफान येऊन जातें, खारा वारा रोज येतो. दगडाच्या व चुन्याच्या रंध्रांत शिरलेलें खारें पाणी उन्हाळ्यांत आटतें, क्षाराचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांध्यांत रुजलेल्या पिंपळाचें खोड तोडलें तरी मूळ आंत वाढतच राहतें. तें उपटूं गेल्यास चिराही निखळतो. खाडीकांठच्या तिवरांस मात्र या शत्रूंत गणूं नये. ते लाटांचा जोर मोडतात, आणि समुद्राची पातळी वाढत असतां तटाचे तेच राखणदार होत.

पोथ्या जमविणारांस याचें काय, असें कोणी विचारील. पोथीस कसर लागली तर दुसरी प्रत धुंडाळतां येते. शिलालेखाची प्रत एकच. छापील पाठावरून अक्षराचें वळण, खोदाईची खोली किंवा फुटलेली जागा कळत नाही, आणि संशयित पाठाचा निर्णय तर त्यांवरच होतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, द कुन्हा यांचा पाठ ही जुनी प्रत व आजचा दगड ही नवी प्रत मानून दोहोंचें संपादन व्हावें. त्या वेळीं वाचलेलें जें अक्षर आज लागत नाही, तें नुकसानीचें मापच होय. पापुद्रे सुटलेल्या दगडावर ओला कागद थापून ठसा घेऊं नये. तिरप्या उजेडांत छायाचित्रें घ्यावींत. कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं असल्यानें त्याची अनुमति आधीं मिळवावी. अशा संपादनानें मूळ ग्रंथाचें मोल वाढेल. तें लांबणीवर पडलें, तर ज्या पाठाची परीक्षा करावयाची, तोच एकमेव पुरावा म्हणून स्वीकारणें आम्हांस भाग पडेल.