‘असूनही’चा अन्वय : अलेक्झांडर पॅन्टेजेस आणि त्याचे चरित्रकार

चरित्रलेखनात घटनांची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्या घटनांना एकमेकींशी जोडणाऱ्या शब्दांची निवडही महत्त्वाची असते. घटना कागदपत्रांतून येतात. त्यांचा संबंध मात्र चरित्रकार प्रस्थापित करतो. ‘गरीब होता आणि यशस्वी झाला’, ‘गरीब होता म्हणून यशस्वी झाला’, ‘गरीब असूनही यशस्वी झाला’ या तीन वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे. परंतु जीवनाविषयीचे सिद्धान्त तीन आहेत. ग्रीसमधून अमेरिकेत गेलेला रंगभूमी-व्यवस्थापक अलेक्झांडर पॅन्टेजेस याच्याविषयी जे लेखन झाले आहे, त्याचे परीक्षण या दृष्टीने करण्यासारखे आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा. पॅन्टेजेसचा जन्म ग्रीसमधील आन्द्रोस बेटावर झाला. जन्मवर्ष १८६७ पासून १८७६ पर्यंत निरनिराळे दिले जाते. बालपणीच तो वडिलांबरोबर इजिप्तमध्ये गेला, तेथून जहाजावर लागला, फ्रेंचांनी आरंभिलेल्या पनामा कालव्याच्या कामावर राहिला व पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. १८९६ मध्ये क्लोंडाइक प्रदेशात सोने सापडले. त्यामागून जो लोंढा उत्तरेकडे वळला, त्यात तोही होता. डॉसन येथे त्याने खाणीऐवजी रंगमंच निवडला. १९०२ मध्ये त्याने सिअ‍ॅटल येथे ‘क्रिस्टल’ नावाचे छोटे नाट्यगृह काढले. १९०४ मध्ये स्वतःच्या नावाचे पहिले नाट्यगृह उघडले. १९२० नंतरच्या दशकात त्याच्या मालकीची व नियंत्रणाखालची मिळून सुमारे सत्तर नाट्यगृहे असल्याचा अंदाज दिला जातो. १९२९ मध्ये त्याच्यावर बलात्काराचा खटला झाला. बहुतेक नाट्यगृहे हातातून गेली. १९३१ मध्ये तो निर्दोष सुटला आणि १९३६ मध्ये मरण पावला.

या जीवनाविषयीच्या लेखनात एक विधान पुनःपुन्हा आढळते. पॅन्टेजेसला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते, त्याचे इंग्रजी मोडकेतोडके होते. असे असूनही त्याने एवढा व्याप उभारला. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत ‘असून’ हे ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित अव्यय. त्याला ‘ही’ जोडताच केवळ साहचर्याचा अर्थ जाऊन विरोधाचा अर्थ येतो. ‘अ असूनही ब’ असे म्हणणारा मनुष्य ‘अ असेल तर सामान्यतः ब घडत नाही’ हे न सांगता गृहीत धरीत असतो. चरित्रकारांचे हे गृहीत पॅन्टेजेसच्या व्यवसायाला लागू पडते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

त्याचा व्यवसाय व्होडव्हिलचा, म्हणजे विविधरंजनाचा होता. गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, शिकविलेले प्राणी यांचे थोड्या थोड्या मिनिटांचे स्वतंत्र प्रयोग एका खेळात ओवले जात. हा संच ठरलेल्या मार्गाने रेल्वेने गावोगाव फिरे. विनिपेग, व्हँकूव्हर, स्पोकेन, टकोमा अशा नगरांतील नाट्यगृहे एका साखळीत असल्यामुळे कलावंताला सलग काम मिळे व मालकाला कलावंत स्वस्त पडे. स्वस्त तिकीट आणि दिवसातून अनेक खेळ ही पॅन्टेजेसची पद्धत होती. या रंजनप्रकारात संहितेला दुय्यम स्थान असते. कोणता प्रयोग कोणत्या प्रयोगानंतर यावा, प्रेक्षक कोणत्या क्षणी कंटाळतो, टाळी खरी कोणती व उपचाराची कोणती, हे ज्ञान वाचनाने मिळत नाही. शिवाय प्रेक्षकवर्गात स्थलांतरितांचा भरणा मोठा; त्यांपैकी अनेकांचे इंग्रजी पॅन्टेजेसइतकेच अपुरे. कसरत व संगीत यांना भाषांतराची गरज नसते. भाषेच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला काय समजेल, हे त्याच उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मालकाला अधिक कळले असणे स्वाभाविक आहे.

डॉसनचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. १८९८ मध्ये त्या दुर्गम गावी बाहेरचे एक जुने वर्तमानपत्र येऊन पोहोचले, तेव्हा ते तिकीट लावून मोठ्याने वाचून दाखविण्यात आले आणि खाणकामगारांनी डॉलर मोजून ते ऐकले. जेथे अक्षरदेखील आवाज होऊन विकले जात होते, त्या गावात पॅन्टेजेस आपला व्यवसाय शिकला. म्हणून निरक्षरता ही त्याच्या कर्तृत्वाच्या मार्गातील धोंड होती, असे सरसकट म्हणता येत नाही. याउलट निरक्षरतेमुळेच तो यशस्वी झाला असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. करार, पत्रव्यवहार, हिशेब यांवाचून अशी साखळी चालत नाही; ही कामे दुसऱ्या कोणी तरी केलीच पाहिजेत. ‘असूनही’ हा शब्द नेमक्या त्या दुसऱ्यांना झाकून टाकतो.

या दुसऱ्यांपैकी सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कॅथलीन रॉकवेल, म्हणजे लोकप्रसिद्ध ‘क्लोंडाइक केट’ होय. डॉसनमधील ही नर्तकी पॅन्टेजेसची सहचारिणी होती आणि तिच्या पैशाचा त्याच्या आरंभीच्या उद्योगाला हातभार लागला, असे तिचे म्हणणे होते. १९०५ मध्ये पॅन्टेजेसने लोइस मेंडेनहॉल या व्हायोलिनवादिकेशी विवाह केला, तेव्हा केटने विवाहवचनाच्या भंगाबद्दल २५,००० डॉलरांचा दावा लावला. तो आपसात मिटला. मरे मॉर्गन यांच्या ‘स्किड रोड’ (१९५१) या सिअ‍ॅटलविषयीच्या ग्रंथात पॅन्टेजेसची कथा त्याचा प्रतिस्पर्धी जॉन कॉन्सिडाइन याच्या कथेशेजारी मांडली आहे. ही जोडी कथनाच्या दृष्टीने यशस्वी आहे. दोन मालकांची चुरस आणि पुढे एकाच्या मुलाचा दुसऱ्याच्या मुलीशी विवाह, एवढ्याने नाटकाचा आकार पूर्ण होतो. परंतु जीवनाचा आकार पूर्ण होत नाही. कारण अशा रचनेत भांडवल पुरविणारी स्त्री उपकथानकात जाते. एलिस लुशिया यांनी १९६२ मध्ये केटचे स्वतंत्र चरित्र लिहिले. एकाच व्यवहाराची दोन टोके अशा रीतीने दोन पुस्तकांत विभागली गेली आहेत. ती एकत्र वाचल्याशिवाय ‘स्वकर्तृत्व’ या शब्दाचा हिशेब लागत नाही. पॅन्टेजेसच्या अनेक नाट्यगृहांना रूप देणारा वास्तुशिल्पी बी. मार्कस प्रिटेका याचेही नाव या हिशेबात घातले पाहिजे.

यानंतर १९२९ चा खटला. लॉस एंजेलिस येथील नाट्यगृहाच्या इमारतीत पॅन्टेजेसने आपल्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद सतरा वर्षांच्या एका नर्तकीने केली. ती आपल्या प्रयोगासाठी काम मागावयास आली होती. हर्स्ट यांच्या वृत्तपत्राने त्या वेळी जी वार्ता दिली, तिचा रोख उघड होता. फिर्यादी ही निष्पापतेची मूर्ती व आरोपी हा परक्या उच्चारांचा, धनाढ्य, थंड मनाचा पुरुष, अशी ही रचना होती. जे मोडके इंग्रजी यशाच्या कथेत अलंकार होते, तेच येथे पुरावा झाले. अव्यय तेवढे बदलले. ‘परका असूनही कर्तबगार’ याच्या जागी ‘परका, म्हणूनच संशयास्पद’ हे वाक्य आले. वास्तविक दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. परकेपणा ही एक उणीव असून तिचे काही तरी स्पष्टीकरण दिलेच पाहिजे, असे दोन्ही वाक्ये मानतात. कौतुक आणि संशय ही एकाच दृष्टीची दोन रूपे ठरतात, हे या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

पहिल्या खटल्यात पॅन्टेजेस दोषी ठरला व त्याला पन्नास वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये ती रद्द केली. फिर्यादीचे वय अठराहून कमी असल्यामुळे संमतीचा प्रश्न तत्त्वतः गैरलागू होता. परंतु फिर्यादपक्षाने बळजबरीचा आरोप केला असल्याने तिच्या साक्षीची विश्वासार्हता तपासण्यासाठी तिच्या पूर्ववर्तनाविषयीचा पुरावा ग्राह्य धरावयास हवा होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला. त्याचा वकील जेरी गिस्लर याची आत्मकथा १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. खटला म्हणजे जिंकावयाची लढाई, हा वकिलाचा स्वाभाविक दृष्टिकोन होय. चरित्रकाराने मात्र तो जसाच्या तसा उचलणे योग्य नव्हे. या निर्णयाने एका स्थलांतरिताला पूर्वग्रहाच्या तावडीतून सोडविले असेल. परंतु त्याच निर्णयाने पुढील फिर्यादी स्त्रियांच्या खाजगी आयुष्याची चौकशी न्यायालयात रूढ होण्यास बळ दिले. कॅलिफोर्नियात या प्रथेला १९७४ च्या कायद्याने मर्यादा घातली. एकाचा न्याय व दुसरीचा अन्याय एकाच वाक्यातून जन्मास येऊ शकतो, ही या प्रकरणातील खरी शोकात्मता होय.

प्रचलित लेखन या शोकात्मतेला सामोरे जाण्याऐवजी एका सोप्या कथेचा आश्रय घेते. नाट्यगृहे बळकावण्यासाठी जोसेफ केनेडी यांनी हे कारस्थान रचले आणि फिर्यादीने मृत्युशय्येवर तशी कबुली दिली, अशी ती कथा आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार देता येत नाही. ती टिकून राहिली याचे कारण प्रमाणात नसून रचनेत आहे. कारस्थानाच्या कथेत नायक निर्मळ राहतो, खलनायक श्रीमंत व प्रसिद्ध असतो आणि तरुण स्त्रीची स्वतःची वाणी केवळ कबुली देण्यापुरतीच उरते. निर्दोष सुटणे याचा अर्थ आरोप सिद्ध झाला नाही असा होतो. फिर्यादी कारस्थानी होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. हा तार्किक भेद सांभाळणे चरित्रकाराचे कर्तव्यच आहे.

तासो लागोस यांचे ‘अमेरिकन झ्यूस’ (२०१८) हे स्वतंत्र, विस्तृत चरित्र निघाल्याने पॅन्टेजेसला दुसऱ्याच्या कथेतील पात्र म्हणून वावरण्यातून सुटका मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि ग्रंथाचे शीर्षकच विचार करावयास लावते. अलेक्झांडर हे नाव त्याने सिकंदराच्या कीर्तीवरून घेतले, मूळचे पेरिक्लीस होते, अशी आख्यायिका आहे. चरित्रकार त्याला देवराजाच्या पदाला नेतो. अमेरिकेतील ग्रीक मनुष्य प्राचीन ग्रीसच्या शब्दांतच वर्णिला जावा, हाही त्या ‘असूनही’चाच एक वारसा नव्हे काय? आन्द्रोसच्या मुलाला मोठेपण देण्यासाठी ऑलिंपस पर्वताची गरज भासावी, यात त्याच्या प्रत्यक्ष कामाचे मोल कमी केले जाते.

त्या कामाची साक्ष अन्यत्र आहे. ४ जून १९३० रोजी, पहिल्या शिक्षेचे सावट डोक्यावर असताना, हॉलिवूडमधील पॅन्टेजेस नाट्यगृह उघडले. १९५० ते १९६० या काळात अकादमी पारितोषिकांचे समारंभ तेथे होत असत. टकोमाचे १९१८ मधील नाट्यगृहही उभे आहे. व्हँकूव्हरचे मात्र २०११ मध्ये पाडण्यात आले. ‘पांताझिस’ या मूळ ग्रीक आडनावाची व्युत्पत्ती ‘सदा जगो’ अशा आशीर्वचनापासून देतात. इंग्रजी उच्चारात तो अर्थ लोपला, नाव मात्र इमारतींवर राहिले. चरित्रकारांना यापुढे करावयाचे काम त्यावरून सुचते. पॅन्टेजेसला देव किंवा बळी ठरविण्याची आवश्यकता नाही. त्याच्या यशातील केटचा पैसा, प्रिटेकाचे आराखडे व अनामिक लेखनिकांची पत्रे यांची नोंद करावी; त्याच्या खटल्यातील त्याचा उच्चार व फिर्यादीची साक्ष ही दोन्ही सारख्याच धीराने ऐकावी. त्यानंतर या जीवनातील घटनांना कोणत्या अव्ययाने जोडावयाचे, ते ठरवावे.